कारण विचारू नका: 'द वॉर ऑफ द रोझेस' आणि त्याचा रीमेक

2025 च्या ऑगस्टअखेर 'द रोझेस' पडद्यावर आला तेव्हा सगळं त्याच्या बाजूनं होतं. नवरा बेनेडिक्ट कंबरबॅच, बायको ऑलिव्हिया कोलमन. पटकथा टोनी मॅकनमाराची; 'द फेव्हरिट' आणि 'पुअर थिंग्ज' या सिनेमांच्या लेखनात वाटा असलेला हा माणूस आजच्या इंग्रजी सिनेमातला विषारी संवादांचा सर्वांत तरबेज कारागीर म्हणावा असा. दिग्दर्शक जे रोच, 'ऑस्टिन पॉवर्स'चे तिन्ही भाग आणि 'मीट द पेरेंट्स' नावावर असलेला. आणि हाताशी असलेली गोष्ट तर आधीच पारखून घेतलेली: 1989 साली डॅनी डेव्हिटोनं केलेल्या 'द वॉर ऑफ द रोझेस'नं जगभरात 16 कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला होता. इतकं जुळून आल्यावर सिनेमा वाईट होणं अवघड, आणि तो वाईट झालेलाही नाही. हसू येतं, वेळ जातो, कोलमनबाईंना नुसतं बघत बसावं असं वाटतं. तरी सिनेमा संपल्यावर हाती काही लागत नाही. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जोडप्याची गोष्ट पाहून माणूस इतक्या स्वस्थ चित्तानं जेवायला कसा काय जाऊ शकतो, असा प्रश्न पडतो.

पुढच्या पानांचा विषय हा प्रश्नच आहे. टाकाऊ रीमेकवर लिहिण्यात अर्थ नसतो. ते विसरले जातात आणि ते बरंच असतं. जाणत्या, कसबी माणसांनी मनापासून केलेला रीमेक फसतो तेव्हा मात्र मूळ कृती कशाच्या जोरावर उभी होती हे लख्ख दिसतं. जे काढून घेतल्यावर इमारत बसली, तो खांब. या लेखनात तो खांब शोधायचा आहे. माझं उत्तर इथंच सांगून टाकतो: मूळ सिनेमात भांडणाला पुरेसं कारण नव्हतं. रीमेकनं ते शोधून दिलं.

आधी मूळ गोष्ट, कारण अनेकांनी हा सिनेमा पाहिला असला तरी तो नव्वदच्या दशकात केबलवर, अर्ध्यातून, जाहिरातींसकट. वॉरन अ‍ॅडलरची कादंबरी 1981 ची. सिनेमात नवरा ऑलिव्हर (मायकल डग्लस) आणि बायको बार्बरा (कॅथलीन टर्नर). दोघं नँटकेट बेटावर एका लिलावात भेटतात, एकाच जपानी मूर्तीवर बोली लावतात, आणि बार्बरा ती जिंकते. म्हणजे पहिल्याच भेटीत दोघांना एकच वस्तू हवी असते. डेव्हिटो हे अधोरेखित करत नाही. पाऊस पडतो, प्रेम जमतं, आपणही विसरून जातो. मग लग्न, दोन मुलं, ऑलिव्हरची वकिली, बढत्या, पैसा, आणि ते घर.

घर बार्बरा हुडकून काढते. त्या घरात कुणीतरी वारलेलं असतं, आणि ती तशा वेळी तिथं जाऊन पोचते. पैसे ऑलिव्हरचे, कष्ट बार्बराचे. फरशा, पडदे, दिवे, स्टॅफर्डशरच्या चिनी मातीच्या बाहुल्या, दिवाणखान्याच्या वर लोंबणारं भलंमोठं झुंबर: वर्षानुवर्षं ती हे घर लावत राहते. एके दिवशी ते लावून पूर्ण होतं. आता करायला काही उरलेलं नसतं. मला हा या सिनेमातला सर्वांत भेदक क्षण वाटतो, आणि त्यात एकही विनोद नाही. संसार उभा राहीपर्यंत दोघांना एकमेकांकडे नीट बघायला सवड नव्हती. सवड मिळाली, आणि बार्बरानं बघितलं.

काय बघितलं? इथं एक प्रसंग सावकाश पाहण्याजोगा आहे. ऑलिव्हरच्या फर्ममधले वरिष्ठ जेवायला आलेत. टेबलावर उंची काचेचे पेले आहेत, आणि ते कसे मिळाले याची गोष्ट बार्बरा सांगू लागते. तिला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. ती अडखळते, मागे जाते, नको तो तपशील आधी सांगते. पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू ताठरत जातं. ऑलिव्हर थोडा वेळ दम धरतो, मग गोष्ट तिच्या तोंडून काढून घेतो आणि दोन वाक्यांत चटपटीतपणे संपवतो. टेबल हसतं. प्रसंग वाचला, अब्रू वाचली, नवऱ्यानं बायकोला सांभाळून घेतलं. टर्नरच्या चेहऱ्यावर मात्र तेवढ्या वेळात काहीतरी मिटतं. रागानं मिटतं असंही म्हणता येत नाही. तिला एक गोष्ट समजली आहे आणि ती आता परत न समजल्यासारखी करता येणार नाही, इतकंच.

आता या प्रसंगावर खटला उभा करून दाखवा! नवरा मारत नाही, पीत नाही, बाहेरख्याली नाही, पैसे उडवत नाही. बायकोची गोष्ट त्यानं मधेच संपवली. कुठल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ही तक्रार टिकली असती? बार्बरालाही ती तक्रार म्हणून मांडता येत नाही. पुढे ऑलिव्हर जेवता जेवता छातीत कळ येऊन कोसळतो, हृदयविकाराच्या धास्तीनं इस्पितळात नेला जातो, दुखणं साधंच निघतं. पण बायको भेटायला येत नाही. घरी आल्यावर तो विचारतो, आणि ती खरं सांगते: तू मेलास असं मनात आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, त्या वाटण्याचीच भीती वाटली. घटस्फोट हवा म्हणते. तो पुन्हा कारण विचारतो. मी काय केलं ते तरी सांग. हा त्याचा हक्कच आहे असं त्याला वाटतं, तो वकील आहे. तिच्याकडे यादी नाही. तुला जेवताना बघते, झोपलेला बघते, तेव्हा तुझं थोबाड फोडावंसं वाटतं, एवढंच तिला सांगता येतं.

कायद्याचा थोडा संदर्भ इथं द्यायला हवा, कारण अ‍ॅडलरची कादंबरी ज्या काळात आली तो काळ त्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत घटस्फोट मागायचा तर समोरच्याचा दोष शाबीत करावा लागे: व्यभिचार, छळ, सोडून जाणं. नसलेले दोष उभे करायचे, खोटे साक्षीदार आणायचे, हा तिथल्या वकिलीचा एक उद्योगच होता. कॅलिफोर्नियानं 1 जानेवारी 1970 पासून ही अट काढून टाकली. लग्न मोडलं आहे एवढं म्हणणं पुरे झालं. कायद्यावर सही करणारा गव्हर्नर रोनाल्ड रेगन, स्वतः घटस्फोटित. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांनी तीच वाट धरली. म्हणजे न्यायालयानं 'का?' विचारणं सोडून दिलं होतं. घरातल्या माणसानं मात्र सोडलं नव्हतं, आणि ऑलिव्हरचा सगळा छळ त्या न मिळालेल्या उत्तरातून सुरू होतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम 1976 साली आलं, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं की एका छपराखाली राहूनही पतीपत्नी कायद्याच्या अर्थानं वेगळे राहत असू शकतात. मुंबईतल्या जागेचे भाव ठाऊक असणाऱ्याला हे न्यायालयानं सांगावं लागलं याचंच नवल वाटेल.

रोझ पतीपत्नीचं युद्ध त्या छपरापायी पेटतं. बार्बराला पोटगी नको, घर हवं. ऑलिव्हरच्या मते घर त्याच्या पैशाचं. आणि या झगड्यात पहिला वार होतो तो एका प्रेमपत्राचा. इस्पितळात आपण मरतोय या समजुतीनं ऑलिव्हरनं बायकोला चिठ्ठी लिहिलेली असते: मी जो काही आहे, माझं जे काही आहे, ते तुझ्यामुळे. बार्बराचा वकील ती चिठ्ठी बैठकीत पुरावा म्हणून पुढे करतो. घर तिचं असल्याची कबुली, नवऱ्याच्या हस्ताक्षरात. सिनेमात पुढे मोडतोड भरपूर आहे, पण यापेक्षा क्रूर असं काही नाही. खरं बोललेला शब्द खोट्यापेक्षा महाग पडतो.

ऑलिव्हर मग कायद्यातली पळवाट काढून त्याच घरात राहायला परततो. घराचा नकाशा काढून रंगांनी भाग पाडले जातात: हा तुझा, हा माझा, हा दोघांचा. मांजर त्याच्या गाडीखाली येतं, चुकून. तो आंघोळीच्या वाफेच्या खोलीत कोंडला जातो, चुकून नाही. तिच्या मोठ्या मेजवानीत तो पाहुण्यांसमोर माशांवर लघवी करतो. ती त्याच्या जीव की प्राण असलेल्या मॉर्गन गाडीवर आपली राक्षसी चाकांची गाडी चढवते. प्रत्येक घावाला निमित्त मागच्या घावाचं, आणि प्रत्येक वेळी जी वस्तू फुटते ती आपण आधी पाहिलेली, कौतुकानं विकत घेतलेली, जागेवर मांडलेली. डेव्हिटोची शिस्त ती ही. पहिल्या तासाभरात तो घरात एकेक वस्तू ठेवत जातो आणि दुसऱ्या तासात तीच यादी उलटी वाचतो. दोघं बोलतात कमी. बोलण्यासारखं उरलेलं नसतंच. पेले, बाहुल्या, टाचा, ओव्हन हे त्यांच्या वतीनं बोलतात.

शेवटी ते झुंबर. ऑलिव्हरच्या डोक्यात पडावं म्हणून बार्बरानं सैल करून ठेवलेलं. मारामारीच्या भरात दोघंही त्यावर लोंबकळतात आणि ते तुटतं. खाली काचांच्या ढिगात दोघं मरायला टेकलेले. ऑलिव्हर शेवटचं बळ एकवटून तिच्या खांद्यावर हात ठेवतो. आणि ती मरता मरता तो हात उचलून बाजूला सारते.

हा हात सारणं, हे मुख्य धारेतल्या हॉलिवूडनं करून दाखवलेलं एक दुर्मीळ धाडस आहे. डग्लस, टर्नर आणि डेव्हिटो या तिघांनी 'रोमान्सिंग द स्टोन' (1984) आणि 'द ज्युएल ऑफ द नाइल' (1985) मधून प्रेक्षकांना गुदगुल्या केल्या होत्या. हे जोडपं एकत्र येणार याची सवय लोकांना लागली होती. डेव्हिटोनं त्या सवयीवर बोट ठेवून ती मोडली. असं असूनही हा सिनेमा सहन होतो, याचं श्रेय त्यानं स्वतःकडे ठेवलेल्या भूमिकेला. तो गॅव्हिन नावाचा वकील आहे आणि घटस्फोटासाठी आलेल्या एका अशिलाला ही गोष्ट सांगतो आहे. तो अशील सिनेमाभर अक्षर बोलत नाही. आपल्या कीर्तनकारासारखा गॅव्हिन मधे मधे येऊन आख्यान थांबवतो, धूर सोडतो, पुढे चालू करतो. त्यामुळे आपल्याला ठाऊक असतं की ही सांगोवांगी आहे, वाढवून सांगितलेली, कुणाला तरी धडकी भरावी म्हणून सांगितलेली. क्रौर्याला चौकट मिळते आणि आपण तिच्या आत बसून हसू शकतो. कुत्र्याचा प्रसंग घ्या. बार्बरा ऑलिव्हरला पाते हा मांसाचा फ्रेंच पदार्थ खायला घालते आणि हा तुझा लाडका बेनी आहे असं सुचवते. नंतर डेव्हिटो पटकन एका शॉटमध्ये बेनी धडधाकट असल्याचं दाखवतो. नवराबायको मेले तर चालतील, कुत्रा नको. प्रेक्षकाची नाडी या माणसाला अचूक सापडलेली. आदल्या सिनेमात ('थ्रो मॉमा फ्रॉम द ट्रेन', 1987) त्यानं आईचा खून करण्याच्या खटाटोपावर लोकांना हसवलंच होतं.

आता 'द रोझेस'. थिओ आर्किटेक्ट, आयव्ही शेफ. दोघंही ब्रिटिश, लंडनच्या एका रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात भेटतात आणि काही मिनिटांत शीतगृहात एकमेकांच्या मिठीत असतात. पुढे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर संसार. (चित्रीकरण बरंचसं इंग्लंडमधल्या डेव्हनला झालं, आणि उजेड अधूनमधून चुगली करतो.) थिओ नामांकित, आयव्ही घरी मुलांसाठी अप्रतिम केक करत गुणवत्ता वाया घालवणारी. तो तिला समुद्रकाठी खेकड्यांचं एक छोटं हॉटेल थाटून देतो. मग वादळाची एक रात्र. त्या एका रात्रीत थिओनं बांधलेलं नौकांचं संग्रहालय, छपरावरच्या मोठ्या शिडासकट, जमीनदोस्त होतं आणि त्याची फजिती जगभर पाहिली जाते. आणि त्याच रात्री वादळात अडकलेली माणसं आयव्हीच्या हॉटेलात शिरतात, त्यांत एक खाद्यसमीक्षक असते. सकाळी तो बेकार, ती प्रसिद्ध. तो घर आणि मुलं बघू लागतो, मुलांना कवायत करून करून पैलवान बनवतो. ती विमानांतून फिरते. मुलांची माया बापाकडे वळते, तिला खुपतं. पैसा तिचा, त्याला खुपतं.

किती रेखीव! आणि इथंच घोटाळा. या संसारात काय बिनसलं ते तुम्ही-मी कागदावर दोन रेघा काढून दाखवू शकतो. एक वर जाणारी, एक खाली येणारी. दोघांचंही बरोबर आहे. दोघंही चांगले आहेत, दोघंही प्रयत्न करतात, दोघांनाही आपण माफ करून टाकतो. एखाद्या समुपदेशकाकडे ही फाइल गेली तर तासाभरात निदान होईल. मॅकनमाराला हे कळत नाही असं नाही. सिनेमाची सुरुवातच तो समुपदेशकाच्या खोलीत करतो. एकमेकांत काय आवडतं याच्या याद्या दोघांना करायला सांगितल्यात. तिचा पहिला मुद्दा असा की त्याला हात आहेत. त्याचा असा की लांडग्यापेक्षा हिच्याबरोबर राहणं बरं. समुपदेशक हबकते आणि ही दोघं खो खो हसत सुटतात.

हा प्रसंग छान आहे. रीमेकमधला सर्वांत छान प्रसंग म्हणा हवं तर. पण त्यानंतरच्या दीड तासाला त्यानं सुरुंग लावून ठेवलाय, कारण ज्यांना एकमेकांच्या अपमानावर असं एकत्र हसता येतं त्यांचा संसार मोडलेला नसतो. घरोघरचा अनुभव काढा. खरी फूट पडलेली जोडपी टोमणे मारत नाहीत. मीठ दे, गॅस आला का, एवढंच बोलतात. टोमण्याला समोरचा ऐकतोय हे गृहीत धरावं लागतं, त्याला लागेल अशी जागा माहीत असावी लागते, त्यानं परत टोमणा मारावा अशी इच्छा असावी लागते. थिओ आणि आयव्ही प्रत्येक भांडणात एकमेकांसाठी वाक्यं घासूनपुसून आणतात. ही मशागत द्वेषातून होत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यानं 1981 साली, म्हणजे अ‍ॅडलरच्या कादंबरीच्याच वर्षी, 'पर्स्यूट्स ऑफ हॅपिनेस' नावाचं पुस्तक लिहिलं. तीस-चाळीसच्या दशकांतल्या काही हॉलिवूड विनोदी सिनेमांना त्यानं पुनर्विवाहाचे विनोद म्हटलं. 'द ऑफुल ट्रुथ' (1937) घ्या: कॅरी ग्रँट आणि आयरीन डन घटस्फोट मागतात, न्यायालयात कुत्रा कुणाकडे जाणार यावर भांडतात, आणि हुकूम पक्का व्हायला मध्यरात्रीचे ठोके पडायचे असतात तेवढ्यात पुन्हा एक होतात. कॅव्हेलचं म्हणणं, या जोडप्यांचं लग्न म्हणजे त्यांचं संभाषण. बोलणं जिवंत आहे तोवर लग्न जिवंत. या तराजूत घातलं तर 'द रोझेस' त्या घराण्यातला निघतो. गेल्या वीसेक वर्षांत इतकं वाजतंगाजतं बोलणारं जोडपं पडद्यावर क्वचित आलं असेल. त्यांना पुन्हा एकत्र आणणारा, सरळ 'द ऑफुल ट्रुथ'च्या वंशातला सिनेमा या चमूनं केला असता तर मी पहिल्या रांगेत बसलो असतो. पण नाव 'रोझेस' ठेवलं, त्यामुळे शेवटी बंदुका काढणं आलं.

आणि त्या बंदुका येतातही शेवटीच. मूळ सिनेमा 116 मिनिटांचा, रीमेक 105 चा. मूळ सिनेमात घर पहिल्या अर्ध्या तासात आपल्या ओळखीचं होतं. रीमेकमध्ये ते कितीतरी उशिरा बांधून होतं. थिओ ते आयव्हीच्या पैशानं बांधतो, तिच्यासाठी त्यात ज्युलिया चाइल्डची शेगडी मिळवून बसवतो. काच, लाकूड, समुद्र. मासिकात छापून यावं असं. आपण त्यात राहिलेलोच नसतो, तर ते फुटल्यावर हळहळणार कोण? थिओला घटस्फोटाचा साक्षात्कार होतो तो किनाऱ्यावर अडकलेल्या एका देवमाशाला समुद्रात परत ढकलताना. देखणा प्रसंग, कंबरबॅच मन लावून करतो, पण जागा चुकली. जेवणाच्या टेबलावर घडायला हवं ते निसर्गाच्या मांडीवर घडतं. मग शेवटच्या भागात घाईघाईनं सगळं: बनावट व्हिडिओ, आंघोळीच्या टबात सोडलेले खेकडे, गोळीबार. तिला रास्पबेरीची जीवघेणी अ‍ॅलर्जी. तिचा श्वास कोंडलेला असताना तो इंजेक्शन हातात धरून कागदावर सही मागतो. हा एकच प्रसंग मूळ सिनेमाच्या तोडीचा. प्रेमानं सांगितलेली, प्रेमानं जपलेली कमजोरी हत्यार होते, प्रेमपत्र पुरावा झालं होतं तसंच. एवढं एक सूत्र धरून मागे जात लिहिलं असतं तर वेगळा सिनेमा झाला असता. पण पुढच्या क्षणी पुन्हा धावपळ.

शेवट तर फारच सोयीचा. मारामारी करून दमल्यावर दोघांना उमगतं की आपलं अजून प्रेम आहे. मिठी मारतात, घरातल्या बोलक्या यंत्रणेला शेकोटी पेटवायला सांगतात; मोडलेल्या शेगडीतून गॅस गळतो आहे हे त्यांना माहीत नसतं. पडदा पांढरा होतो. दोघं मरतात, हो, पण अपघातानं आणि प्रेमात. बार्बरानं सारलेल्या हाताच्या जागी इथं घट्ट मिठी आहे. बायको नवऱ्याला शेवटच्या श्वासापर्यंत नाकारते हे 1989 मध्ये दाखवता आलं आणि 2025 मध्ये आलं नाही, हा प्रवास जरा चमत्कारिक आहे. आजचे निर्माते भित्रे झालेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं कारण जास्त सभ्य आहे. आजच्या पटकथेला प्रत्येक पात्राला समजून घ्यायचं असतं. बार्बराला समजून घेता येत नाही, तिला मान्य करावं लागतं.

गमतीचा भाग असा की ब्रिटिश पात्रं आणून हा सिनेमा नेमका दोषाच्या भाषेकडे परत गेला. इंग्लंड-वेल्समध्ये दोष न देता घटस्फोट घेण्याची पूर्ण मुभा 6 एप्रिल 2022 पासून मिळाली, सिनेमाच्या तीनच वर्षं आधी. कायदा तिथंही कारण विचारायचा थांबला, आणि पटकथा वादळ, समीक्षक, बेकारी, मुलं अशी साक्षीपुराव्यानिशी कारणं मांडत बसली.

रोच यांच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलेलं नाही. फ्रान्सिस व्हेबेरच्या 1998 च्या फ्रेंच सिनेमावरून त्यांनी 2010 साली 'डिनर फॉर श्मक्स' केला होता. मूळ गोष्टीत पॅरिसमधले काही सुखवस्तू पुरुष मूर्ख माणसं हेरून त्यांना जेवायला बोलावतात आणि त्यांची टर उडवतात. नायक या खेळात मुरलेला आहे, आणि ते जेवण सिनेमात कधी होतच नाही. पाठदुखीनं घरी अडकलेल्या नायकाचीच त्या मूर्खाच्या हातून धूळधाण होते. अमेरिकन अवतारात नायक बिचारा बढतीच्या आशेनं, मन मारून त्यात पडतो, जेवण साग्रसंगीत पार पडतं आणि चांगुलपणा जिंकतो. मिरचीचं लोणचं पोरांना तिखट लागू नये म्हणून धुऊन वाढलं, तसा प्रकार. रोच यांचा पिंड माणसांवर लोभ असणाऱ्याचा आहे. 'मीट द पेरेंट्स'मध्ये तो कामी आला. काळ्या विनोदाला मात्र दिग्दर्शकानं थोडं कोरडं राहावं लागतं.

सहकलाकारांबद्दल फार लिहीत नाही. अँडी सॅम्बर्ग, केट मॅकिनन वगैरे मंडळी येऊन आपापल्या चुटक्यांची कामं करून जातात. सॅम्बर्गचा बॅरी वकीलच आहे, पण गॅव्हिनची खुर्ची त्याला दिलेली नाही. अ‍ॅलिसन जॅनी आयव्हीची वकील म्हणून एका प्रसंगापुरती येते आणि तेवढ्या वेळात खोलीतली हवा बदलते. ती गेल्यावर वाटतं, हिच्या तोंडून सगळी गोष्ट ऐकायला मिळाली असती तर.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी दोन्ही सिनेमे पाहणार असाल तर 'द रोझेस' आधी बघा. उलट क्रमानं पाहिलात तर त्याच्यावर अन्याय होईल, आणि कोलमनवर तर होऊ नये. आणि सवड असेल तर तिसरीही एक गोष्ट बघा: मॅकनमाराचीच 'द ग्रेट' ही मालिका (2020 ते 2023), रशियाची सम्राज्ञी कॅथरीन आणि तिचा नवरा पीटर यांच्यावरची. एल फॅनिंग आणि निकोलस हूल्ट. तिथं बायको नवऱ्याला सिंहासनावरून हुसकावते, कैदेत ठेवते, त्याच्यावर प्रेम करू लागते, आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीला एके क्षणी त्याच्या पाठीत सुरा खुपसते, पुन्हा पुन्हा. भोसकलेला तोतया निघतो. खरा नवरा समोर येऊन उभा राहतो, सगळं समजतो, आणि ती त्याला कवटाळते. प्रेम आणि खून एका दमात, कुठलाही गॅस न गळता. एकत्र राहून एकमेकांना संपवणाऱ्या नवराबायकोबद्दल या लेखकाला काय म्हणायचं होतं ते त्यानं तिथं म्हटलेलं होतं. 'द रोझेस' लिहायला बसेपर्यंत त्याच्याकडे त्यातला विनोद तेवढा शिल्लक होता.